पन्हाळ्याची खापरं

पन्हाळ्यावर लिहायचं म्हटलं की पुढचं सगळं वाचकाला पाठ असतं. शिलाहार भोजाची राजधानी, मग यादव, बहमनी, आदिलशाही. 1659च्या नोव्हेंबरात महाराजांनी गड घेतला, पुढच्या वर्षी सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू. 1673 साली कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी गड परत मिळवला. मोरोपंत जन्मले ते इथंच, 1729 साली. आणि जुलै 2025मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांतही पन्हाळा आहे. झालं. आता मला जे सांगायचंय ते सांगते.

तीन दरवाजाजवळ चहा घेतला. कप कानतुटका, बशी दुसऱ्याच जोडीची. आपण या कपाला सवयीनं ‘चिनी मातीचा’ म्हणतो आणि चीनचा विचारही मनात येत नाही. पायाशी पावसानं धुऊन काढलेली तांबडी माती होती आणि तिच्यात दोन-चार खापरं. एक काळं, एक लाल, एकाला काठाची गोलाई. शिवकाळातली की कुणाच्या गेल्या उन्हाळ्यात फुटलेल्या माठाची, ते मला कळायचं कारण नाही. पण त्यानंतर गडभर माझी नजर खालीच राहिली.

पन्हाळा दीडशेहून जास्त वर्षं विजापूरकरांकडे होता. त्या दरबाराला चिनी भांड्यांचा मोठा शौक. आसार महालातली चिनी भांडी आज विजापुरात गोलघुमटासमोरच्या संग्रहालयात मांडलेली आहेत. दख्खनच्या दरबारांत अशा हिरवट झिलईच्या ताटल्यांना ‘गोरी’ म्हणत. विषारी अन्न वाढलं तर ताटली तडकते किंवा रंग बदलते, असा समज होता. रसायनशास्त्राला हे मान्य नाही, पण सुलतानाला जेवताना धीर येत असेल तर बिचाऱ्या ताटलीचं काय जातं! ही गोष्ट मला आठवली ती अंधार बावडीच्या पायऱ्या उतरताना. वेढा घालणाऱ्यानं पाण्यात विष कालवू नये म्हणून ही तीन मजली विहीर अशी भिंतीआड दडवली, असं सांगतात. तिकडे ताटलीवर भरवसा, इकडे दगडावर. मला विचाराल तर दगडावरचा बरा.

गडावर मातीची गोष्ट पुरी होत नाही, म्हणून कोल्हापुरात उतरले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथं सापडलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा टाऊन हॉल संग्रहालयात आहे आणि पाहुणे त्याच्याचसमोर थांबतात. बाजूच्या मातीच्या वस्तूंपाशी मी होते तेवढा वेळ दुसरं कुणी फिरकलं नाही.

वास्तविक मातीच्या मूर्ती घडवण्यात सातवाहनांच्या काळातला महाराष्ट्र फार पुढं होता. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात पांढऱ्याशुभ्र केओलिनच्या मूर्ती आहेत. केओलिन हे नाव चीनमधल्या गाओलिंग टेकडीवरून आलं, आणि केओलिन म्हणजेच आपली चिनी माती. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचे कारागीर तिच्यातून बाया-बाप्ये, जनावरं घडवत होते. मूर्ती आतून पोकळ, दोन साच्यांतून काढलेल्या.

दोन साचे म्हणजे कसे, ते मला कुंभार गल्लीतल्या एका मामांनी दाखवलं. गणपतीचं काम चाललं होतं. शाडूचा गोळा त्यांनी अर्ध्या साच्यात टाकला आणि अंगठ्यानं मधून कडेकडं दाबत नेला. नाकाच्या खळगीत चिमूट वेगळी भरली. दुसरा अर्धा तसाच. मग कडांना पातळ चिखल फासून दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवले आणि सांध्यावरून ओलं बोट फिरवलं. मी विचारलं, “मामा, आत पोकळ कशाला?” ते म्हणाले, “भरीव ठेवलं तर वाळताना चिरतंय, ताई. आन् भाजायचं आसंल तर भोक ठेवायचं. वाफ कोंडली की फुटलंच.”

त्यांना चीनच्या मातीच्या सैन्याबद्दल सांगितलं. 1974च्या मार्चमध्ये शीआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे तुकडे लागले आणि त्यातून पहिल्या सम्राटाच्या थडग्याची राखण करणारे, अंदाजे आठ हजार, पुरुषभर उंचीचे सैनिक समोर आले. हात, डोकी साच्यातून काढलेली, पण प्रत्येकाचा चेहरा हातानं वेगळा केलेला. काहींवर कारागिराचं नावही. मामांनी एवढंच विचारलं, “पाय भरीव आस्त्याल न्हवं?” होय, पाय भरीवच आहेत. वरचं धड पोकळ.

मग खापराच्या रंगाचं विचारलं. “हवा मिळाली की लाल हुतंय. धूर कोंडला की काळं,” मामा म्हणाले. सगळी करणी मातीतल्या लोहाची. पन्हाळ्याचा जांभा लाल तोही लोहामुळंच. चिनी कुंभारानं झिलईत तेच लोह चिमूटभर ठेवलं, भट्टीची हवा आवळली, आच बाराशे अंशांच्या वर नेली, आणि सुलतानाची ती हिरवी ताटली तयार झाली. आपल्या आव्याला एवढी आच कधी झेपलीच नाही.

गडावर तोफेला, बुरुजाला, दरवाजाला पाटी आहे. अंबारखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांत किती धान्य मावायचं, तेही गाईड तोंडपाठ सांगतो. ते धान्य शिजलं कशात, हे कुणी सांगत नाही. मी तिघांना विचारलं. तिघांनीही मला झुणका-भाकरीच्या टपरीची वाट दाखवली.

पावसाळा सरल्यावर पन्हाळ्यावर जाल तेव्हा पायाखाली खापर दिसलं तर वाकून जरूर बघा, पण खिशात घालू नका. गड संरक्षित आहे, आणि जागेवरून हललेल्या खापराचं वय पुढं तज्ज्ञालाही धड सांगता येत नाही.