लांब शेपटीचे कवडे

मुंबईतील डिलाईल रोडला आता ना. म. जोशी मार्ग असे नाव आहे. या रस्त्यावर १९२० नंतरच्या दशकात बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. तेथील मुलांच्या नित्य परिचयाचा पक्षी म्हणजे पारवा. छज्जा किंवा भिंतीतील एखादे भोक त्याला घरट्यासाठी पुरेसे होते. पारव्याचे रानटी पूर्वज डोंगरकड्यांच्या कपारींत राहत. म्हणून उंच इमारत ही त्याला कड्यासारखीच वाटते. जुनी चाळ जाऊन तेथे टोलेजंग इमारत आली, तरी त्याचे फारसे अडत नाही. त्याला नवा कडा मिळतो.

परंतु पारव्याचे सर्वच सोयरे असे नाहीत. त्याच्या कुळात लांब शेपटीच्या कवड्यांचा एक गट आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘मॅक्रोपिजिया’ म्हणतात. विल्यम स्वेन्सन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८३७ साली त्यास हे नाव दिले. या गटात दहाहून अधिक जाती असून त्या हिमालयापासून इंडोनेशिया, न्यू गिनी व ऑस्ट्रेलियापर्यंतच्या वनांत आढळतात. त्यांपैकी दोन जाती भारतात आहेत. एक हिमालयाच्या व ईशान्येकडील डोंगराळ वनांत राहते. तिच्या तांबूस पाठीवर काळे आडवे पट्टे असतात. दुसरी केवळ अंदमान व निकोबार बेटांवरच आढळते.

हे पक्षी सुमारे ४१ सेंटिमीटर लांब असतात. पारवा सुमारे ३३ सेंटिमीटर भरतो. या जादा लांबीचे कारण शेपटी होय. फळे खाण्यासाठी हे कवडे बारीक फांद्यांवर चढतात, वाकतात, कधी उलटेही लोंबकळतात. अशा वेळी लांब शेपटी त्यांचा तोल सांभाळते. डोंबाऱ्याच्या हातातील काठीचे जे काम, तेच या शेपटीचे. कड्यावर व जमिनीवर वावरणाऱ्या पारव्यास तिची गरज नाही.

या शेपटीमुळे इंग्रजीत त्यांच्या नावास कोकिळेचे नाव जोडले गेले आहे. मात्र ते कोकिळेप्रमाणे आपली अंडी परक्या घरट्यात घालीत नाहीत. ते काटक्यांचे साधे घरटे बांधतात. त्यात बहुधा एकच अंडे असते. पारव्याप्रमाणेच नर व मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न पिलास भरवितात. राहणी निराळी असली, तरी कुळाची खूण अशी कायम राहते.

शरीर ज्या घरासाठी घडले, ते घर नाहीसे झाल्यास काय होते? उत्तर अमेरिकेत प्रवासी कबूतर नावाचा लांब शेपटीचा एक पक्षी होता. त्याची संख्या अब्जावधी होती. त्याच्या थव्यांनी आकाश झाकोळून जात असे. परंतु माणसाने त्याची बेसुमार शिकार केली आणि त्याची अरण्येही तोडली. या जातीचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात मरण पावला.

अंदमानच्या कवड्यांची संख्या कधीच एवढी नव्हती आणि त्यांना दुसरा देशही नाही. डिलाईल रोडवरील पारवा एक छज्जा सोडून दुसऱ्या छज्जावर जातो. बेटावरील अरण्य तुटले, तर त्या कवड्यांनी उडून जावे कोठे?