मातीवरचे पान, कापडावरचे पान

स्वीडिश कलावंत स्टिग लिंडबर्ग (१९१६–१९८२) यांच्या कामात पानाचा आकार इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या रूपांत येतो, की त्या एका आकाराचा माग घेतला तरी त्यांच्या चार दशकांहून अधिक काळच्या निर्मितीचा मोठा भाग नजरेखालून जातो. कधी ते पान म्हणजे कडा वळलेली, आतून पट्ट्यांनी रंगवलेली मातीची थाळी असते, कधी ते पडद्याच्या कापडावरील काल्पनिक बागेत उगवते, तर कधी चहाच्या कपाभोवती शिस्तीने रांगा धरून उभे राहते. निसर्गातील कोणत्याही एका झाडाशी ते तंतोतंत जुळत नाही, तरीही ते पान आहे याविषयी पाहणाऱ्याला शंका उरत नाही. लिंडबर्ग यांच्या या लहरीपणाकडे हलक्याफुलक्या स्वभावाचे लक्षण म्हणून पाहिले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ती लहर माती, झिलई, भट्टी आणि छपाई यांच्या मर्यादा नेमक्या ओळखून रेखलेली होती, आणि त्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय त्या पानाचे सौंदर्य पुरते उलगडत नाही.

लिंडबर्ग यांचा जन्म उत्तर स्वीडनमधील उमेओ या गावी झाला आणि कलाशिक्षणानंतर १९३७ मध्ये ते स्टॉकहोमजवळच्या वेर्मडो बेटावरील गुस्ताव्सबर्ग या चिनी मातीच्या कारखान्यात दाखल झाले. १८२५ मध्ये सुरू झालेला हा कारखाना नेमका १९३७ मध्येच स्वीडनच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाने विकत घेतला होता. महाराष्ट्राला सहकार परिचित आहे तो प्रामुख्याने ऊस आणि दूध उत्पादकांचा. येथे मात्र माल विकत घेणारेच एकत्र येऊन त्या मालाच्या कारखान्याचे मालक झाले होते, आणि त्यामुळे साध्या घरातील ताटवाटीचे रूप कसे असावे हा प्रश्न तेथे नफ्यातोट्याइतकाच महत्त्वाचा ठरला. त्यासाठीची वैचारिक भूमी आधीच तयार होती. रोजच्या वापराची वस्तू अधिक सुंदर असावी, असा आग्रह कलासमीक्षक ग्रेगोर पाउल्सन यांनी १९१९ मध्ये एका पुस्तिकेद्वारे मांडला होता, आणि गुस्ताव्सबर्गचे कलाप्रमुख विल्हेल्म कोगे यांनी तर त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, कामगारांच्या घरांसाठी भांड्यांचा संच रेखाटला होता. लिंडबर्ग हे याच कोगे यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९४९ मध्ये त्यांच्या जागी कलाप्रमुख झाले.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते फायान्समुळे, आणि या प्रकाराची घडण थोडी सविस्तर पाहणे आवश्यक आहे. फायान्स म्हणजे मध्यम तापमानाला भाजलेल्या मातीच्या भांड्यावर कथलाच्या ऑक्साइडची झिलई देऊन केलेले काम. मूळ मातीचा रंग पिवळसर किंवा तांबूस असतो. कथलामुळे वरची झिलई पांढरी आणि अपारदर्शक होते, तो रंग पूर्ण झाकते आणि चित्रासाठी शुभ्र पार्श्वभूमी तयार करते. पोर्तुगीजांमुळे गोव्यात परिचित झालेल्या आझुलेझो फरश्या याच कुळातल्या आहेत. चित्रकाराची कसोटी लागते ती पुढच्या टप्प्यावर, कारण रंग द्यायचा असतो तो झिलई भाजण्यापूर्वी, म्हणजे ती भांड्यावर कोरड्या भुकटीच्या थराच्या रूपात असताना. हा थर कुंचल्यातील पाणी टीपकागदाप्रमाणे क्षणात शोषून घेतो, त्यामुळे कुंचला रेंगाळला तर तेथे डाग पडतो आणि चुकलेली रेषा पुसू गेल्यास खालचा थरच खरवडला जातो. शिवाय कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगेनीजचा जांभळट तपकिरी हे रंग भट्टीत जाईपर्यंत आपले खरे रूप दाखवत नाहीत, आणि झिलई वितळताना ते कडेने थोडे पसरतात.

लिंडबर्ग यांच्या पानाचे व्यक्तिमत्त्व या अडचणींतूनच घडलेले दिसते. पानाच्या आकाराच्या त्यांच्या थाळ्यांमध्ये रंगाचे पट्टे एकमेकांना भिडत नाहीत. त्यांच्यामध्ये पांढरी जागा सुटते आणि ती जागाच पानाची शीर बनते. शीर स्वतंत्रपणे काढावी लागत नाही आणि रंग पसरले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. पट्ट्याची जाडी हाताच्या वेगाबरोबर कमीजास्त होते आणि त्या कमीजास्तपणामुळे पान वाऱ्यावर हललेले भासते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातील अचूक पान या माध्यमात जड वाटले असते. लिंडबर्ग यांनी अचूकता सोडून पानाचा ताल तेवढा पकडला, आणि हीच त्यांच्या डोळ्याची खरी ताकद होती. १९४२ मध्ये स्टॉकहोममध्ये कोगे आणि लिंडबर्ग यांच्या फायान्सचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याच्या नावातच वसंताच्या रंगांचा उल्लेख होता. स्वीडन तटस्थ असला तरी युरोपभर महायुद्ध पेटलेले होते आणि टंचाईची झळ तेथील घरांनाही बसत होती. अशा काळात पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगांची ही भांडी लोकांना इतकी का भावली असतील, हे समजणे अवघड नाही.

याच्या अगदी उलट वाटावे असे काम त्यांनी स्टोनवेअरमध्ये केले. बाराशे अंश सेल्सिअसच्या वर भाजलेल्या, पाणी न शोषणाऱ्या घट्ट मातीच्या भांड्यांना स्टोनवेअर म्हणतात. लोणच्यासाठी घरोघरी असणाऱ्या जुन्या बरण्या याच वर्गातल्या. येथे रंगवलेले चित्र जवळजवळ नाहीसे होते आणि निसर्ग पृष्ठभागात उतरतो: सरपटणाऱ्या प्राण्याच्या खवल्यांची आठवण देणारे पोत, बीजकोशासारखे फुगलेले फुलपात्रांचे आकार आणि त्यांवर राखाडी, तपकिरी, निळसर रंगांच्या मंद झिलया. वेक्ला या नावाच्या पांढऱ्या भांड्यांमध्ये तर माती कागदासारखी दुमडलेली दिसते. मिलान येथील त्रैवार्षिक कलाप्रदर्शनात १९५१ आणि १९५४ मध्ये लिंडबर्ग यांना सर्वोच्च पुरस्कार मिळाले.

कापडाकडे ते वळले स्टॉकहोममधील नोर्डिस्का कोम्पानिएत या मोठ्या विक्रीदालनाच्या वस्त्रविभागामुळे. १९३७ मध्ये सुरू झालेल्या या विभागाच्या प्रमुख आस्ट्रिड साम्पे स्वतः कुशल वस्त्रसंकल्पक होत्या, आणि कापडाच्या व्यवसायाबाहेरील चित्रकार, वास्तुविशारद, सिरॅमिक कलावंत यांच्याकडून नक्ष्या करून घेण्याचे श्रेय त्यांचेच आहे. लिंडबर्ग यांची १९४७ मधील छापील कापडे गाजली: एकावर चित्रविचित्र झाडाझुडपांची आनंदबाग, दुसऱ्यावर खोक्याच्या कप्प्यांत मांडल्यासारखी फळे, तर तिसऱ्यावर त्यांचीच चित्रांनी भरलेली मातीची भांडी. ही कापडे जाळीच्या छपाईने तयार होत. या पद्धतीत चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीचा नको असलेला भाग बंद करून उरलेल्या भागातून रंग खाली दाबला जातो आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट लागते, म्हणजे रंग जितके अधिक तितका खर्च अधिक. त्याहून कठीण अट पुनरावृत्तीची असते. थाळीवरील चित्राला कडा असते आणि ते तेथे थांबते. कापडावरील नक्षी मात्र ठरावीक अंतराने पुन्हा सुरू होते, आणि तो सांधा डोळ्याला खुपला की सारा पडदा बिघडतो. त्यामुळे थाळीवर मोकळेपणाने पसरणारे पान कापडावर येताना शेजारच्या पानाशी, आणि एका चौकटीनंतर पुन्हा येणाऱ्या स्वतःशीही, जमवून घेते. पसरणाऱ्या रंगाची मृदू कड येथे मिळत नाही, म्हणून रेषा बारीक आणि धारदार होते, आणि रिकाम्या जागा ठिपक्यांनी, जाळ्यांनी, छोट्या आकृत्यांनी भरल्या जातात. याच काळात लिंडबर्ग लेन्नार्त हेल्सिंग यांच्या बालकवितांच्या पुस्तकांसाठी चित्रेही काढत होते आणि त्या चित्रांतील खोडकर रेषेचे या कापडांशी असलेले नाते लपत नाही.

कापडाने शिकवलेली पुनरावृत्ती पुढे पुन्हा भांड्यांवर परतली, असे म्हणण्यास बेर्सो ही नक्षी हा सर्वांत बळकट आधार आहे. १९६० च्या सुमारास रेखाटलेल्या या संचात एकाच घाटाची हिरवी पाने कपाभोवती रांगेने येतात. ही छापील नक्षी असल्यामुळे हाताच्या वेगातून येणारा जिवंतपणा तिला मिळणे शक्य नव्हते; तो जिवंतपणा लिंडबर्ग यांनी पानाच्या आतील शिरांच्या नक्षीत आणि दोन पानांमधील पांढऱ्या अंतरात आणला. निळ्या आलुबुखारांची प्रूनुस ही १९६२ मधील नक्षीही याच विचाराची आहे. दोन्हींचे उत्पादन १९७४ मध्ये थांबले, आणि बेर्सो २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

फायान्स मात्र छापील नव्हे, हाताने रंगवलेले असे; तरीही बाजारात गेलेल्या बहुसंख्य थाळ्या स्वतः लिंडबर्ग यांनी रंगवलेल्या नाहीत. नमुना त्यांचा असे आणि तो कारखान्यातील प्रशिक्षित रंगारी, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, पुन्हा पुन्हा उतरवत असत. शोषक झिलईवर न थांबता, न पुसता तीच लहर रोज साकारणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते केवळ नकलेचे मानणे अन्यायाचे ठरेल. पानाचे पट्टे ठरलेले असले तरी त्यांची जाडी, दाब आणि शेवटची वळणे रंगवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून होती, म्हणून एकाच नमुन्याच्या दोन थाळ्या शेजारी ठेवल्यास त्यांतील फरक स्पष्ट दिसतो. अशा थाळीच्या तळाशी गुस्ताव्सबर्गच्या कलाविभागाचे हाताच्या पंज्याचे चिन्ह आणि लिंडबर्ग यांचे नाव असते, आणि त्याच्याजवळ रंगवणाऱ्या व्यक्तीने कुंचल्याने केलेली छोटी खूण किंवा अक्षर असते. लिंडबर्ग यांच्या पानांचा अभ्यास करताना त्या खुणेकडेही तितक्याच आदराने पाहिले पाहिजे, कारण भट्टीत जाण्यापूर्वी झिलईवर शेवटची रेषा ओढणारा हात तिच्या मालकाचा होता.