उद्याची गोष्ट इंग्रजीत कशी सांगाल?

धंतोलीत दवाखाने किती आहेत हे नागपूरकरांना सांगायला नको. सगळ्या विदर्भातून माणसं इथं येतात. समजा, गावाकडचे काका आजोबांना दाखवायला आलेत. दारावर पाटी आहे : 'द डॉक्टर इज लीव्हिंग फॉर मुंबई ऑन फ्रायडे.' काका म्हणतात, "वाच बरं बाबू, काय लिहून आहे?" तुम्हांला पाठ केलेलं आठवतं. 'इज' आणि शेवटी 'आयएनजी' म्हणजे चालू वर्तमानकाळ! तुम्ही सांगता, "डॉक्टर मुंबईला निघालेत." काका आजोबांना घेऊन परत! आज आहे मंगळवार, आणि डॉक्टर आत बसलेत. जाणार आहेत ते शुक्रवारी.

गंमत अशी, की इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. आपल्याकडे जाईन, जाशील, जाईल आहे. 'गो'चं भूतकाळात 'वेंट' होतं, पण उद्यासाठी काहीच नाही. मग इंग्रजी उसनवारी करते. 'विल'चा जुना अर्थ इच्छा असणे, 'शॅल'चा देणं लागणे. 'आय शॅल, यू विल' हा नियम जॉन वॉलिस यांनी 1653 साली आपल्या व्याकरणात मांडला. (ते पुस्तक इंग्रजीचं, पण लिहिलं होतं लॅटिनमध्ये!) आज बोलताना 'आय विल' सर्रास चालतं.

दाराची घंटा वाजली आणि तुम्ही लगेच उठलात, तर 'आय विल ओपन इट.' आभाळ काळंकुट्ट भरून आलंय, तर 'इट इज गोइंग टू रेन', म्हणजे आता येणारच! दिवस ठरलाय, तिकीट काढलंय, तर पाटीवरच्यासारखं 'इज लीव्हिंग'. आणि वेळापत्रकातली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ : 'द ट्रेन लीव्ज ॲट फाइव्ह टुमारो.'

अवघड वाटतं? अहो, आपणही तेच करतो. 'गाडी उद्या पाचला सुटते' हा वर्तमानकाळच ना? 'मी उद्या मुंबईले चाललो' म्हणतो तो नागपूरकर अजून घरीच असतो. आणि आईनं हाक मारली की "आलोच!" हा तर चक्क भूतकाळ, आणि स्वारी अजून खेळतेच आहे!

वह्या तपासताना सर्वांत जास्त सापडतं ते 'इफ इट विल रेन, आय विल नॉट कम'. दोन्हीकडे 'विल'! पहिल्या भागात ते नको. 'इफ इट रेन्स' एवढंच पुरे. मराठीत तरी आपण कुठं 'पाऊस येईल तर' म्हणतो? 'पाऊस आला तर' म्हणतो. 'व्हेन'चंही तसंच : 'व्हेन ही कम्स, आय विल टेल यू.'

पालकांना एक विनंती. मुलांकडून 'शॅल-विल'चे तक्ते घोकून घेण्यापेक्षा रोज रात्री उद्याच्या चार गोष्टी इंग्रजीत सांगायला लावा. कुठली ठरलेली, कुठली आत्ताच मनात आली, हे त्यांना आधी विचारा. क्रियापद मग बघू.