चांदवडच्या सभेतला शब्द सातबाऱ्यापर्यंत कसा पोचला?



नाशिकहून मालेगावकडे निघालात की आग्रा रोडवर चांदवड लागतं. आपण रेणुकामातेचं दर्शन घेतो, वेळ असेल तर अहिल्यादेवींचा रंगमहाल बघतो, चहा घेतो आणि पुढे निघतो. आज याच चांदवडची एक गोष्ट सांगतो. व्हिडिओत तिला दोनच मिनिटं मिळाली होती आणि बऱ्याच जणांनी सविस्तर लिहायला सांगितलं, म्हणून हा लेख.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. लाखावर बाया आल्या होत्या. मोबाइल नाही, व्हॉट्सअॅप ग्रुप नाही. निरोप गेला तो तोंडानेच, गावोगावच्या बैठकांतून. तुम्ही-आम्ही पंधरा माणसांच्या मीटिंगला तीन रिमाइंडर पाठवतो, तरी सात येतात! मग एवढ्या बाया आल्या कशा?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. शरद जोशी हे टपाल खात्यातले अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघात नोकरी. ती सोडून ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः शेती केली आणि हिशेब ठेवला. बियाणं, खत, मजुरी, पाणी, सगळं वहीत. हिशेब सांगत होता की खर्च जास्त आणि हातात येणारा भाव कमी. कष्ट कमी पडतात म्हणून शेतकरी गरीब आहे ही समजूत त्या वहीत बसत नव्हती.

मग १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली आणि तिची घोषणा घराघरात गेली: भीक नको, हवे घामाचे दाम. १९८० च्या नोव्हेंबरात आपल्या नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडल्या, त्याच्यामागे हेच शब्द होते.

आता जरा धंदेवाल्याच्या नजरेने या घोषणेकडे बघा. माझ्याकडे कितीतरी जण येतात, ‘सर, एखादी भारी टॅगलाइन सांगा.’ मी विचारतो, एका नगाला तुमचा खर्च किती येतो? गप्प! घोषणेत यमक नाही, अलंकार नाही. पण मागे वही आहे. ‘दाम’ म्हटल्यावर किती, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. आणि ऐकणाऱ्याची जागाही बदलली. कर्जमाफी मागणारा माणूस हात पसरून उभा असतो, दाम मागणारा मालाचा मालक असतो. शेतकरी तोच, कांदा तोच.

चांदवडला हाच हिशेब एक पाऊल पुढे गेला, आणि माझ्या मते खरी हिंमत इथे होती. घामाचे दाम म्हणता, मग त्यात बाईचा घाम धरला का? पेरणी, निंदणी, काढणी तिची. घरचं पाणी, चूल, गुरं तिची. सातबाऱ्यावर मात्र नाव नवऱ्याचं. बाहेर सरकारकडे हिशेब मागणाऱ्या संघटनेने हा प्रश्न स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पुरुष कार्यकर्त्यांसमोर ठेवला. या सगळ्या मांडणीचं पुस्तक पुढे ‘चांदवडची शिदोरी’ याच नावाने आलं.

भाषणं तर रोज होतात. ही टिकली, कारण पुढे तिला काम जोडलं गेलं. काही वर्षांनी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम काढली. म्हणणं अगदी साधं होतं: शेतकरी भावांनो, जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा. ‘स्त्रीचा सन्मान करा’ म्हटलं असतं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी जाऊन जेवायला वाढ म्हटलं असतं. इथे तलाठ्याकडे जायचं होतं, कागद करायचा होता. केलं की नाही, गावाला दिसणार होतं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. नंतर याच नावाची सरकारी योजनाही आली, सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची. सगळीकडे झालं का? अजिबात नाही. आजही किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे, ते तुमच्या घरचा उतारा काढून बघा. पण त्या शब्दांना तलाठ्याच्या दप्तरापर्यंत वाट मिळाली, हे खरं.

बोललेल्या शब्दाची किंमत चांदवडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. कांद्याचा लिलाव बघा. व्यापारी ट्रॅक्टरजवळ उभा राहून भाव बोलतो, शेवटची बोली लागते आणि सौदापट्टी हातात येते. दोन मिनिटांत वर्षभराच्या कष्टाचा आकडा ठरतो. खळ्यावर माल खाली होताना कुणी वांधा काढला, तर पोटात गोळा येतो तो चार पैशांपेक्षा जास्त मोडलेल्या बोलीमुळे. पुढच्या वेळी तो शेतकरी त्या व्यापाऱ्याची बोली ऐकताना आधी इतरांचे चेहरे बघतो.

आता तुमच्याकडे येऊ. समजा ताई, तुम्ही घरून पापड, मसाले विकता. गिऱ्हाईक विचारतं, ‘केवढ्याला?’ तुम्ही म्हणता, ‘तीनशे... पण तुम्हाला देईन अडीचशेला.’ तिने अजून घासाघीससुद्धा केली नव्हती! हे का होतं? कारण डाळ, तेल, पिशवी धरली. पहाटे चारला उठून लाटलेले तुमचे पाच तास धरलेच नाहीत. आतून माहीत असतं की तीनशेला आधार नाही, म्हणून आवाज खाली येतो. पाच तासांची मजुरी लिहा, गॅस लिहा, डबा पोचवायचं पेट्रोल लिहा. मग बोला. तीनशे म्हणताना मान वर राहते की नाही बघा.

आणि दादा, तुम्ही फॅब्रिकेशनवाले, ‘बघतो, करून देतो, टेन्शन घेऊ नका’ म्हणणारे. तुमचं गेट कधी बसणार हे त्या वाक्यात कुठे आहे? ‘गुरुवारी संध्याकाळी पाचला माझा माणूस गेट घेऊन येईल, जमणार नसेल तर बुधवारी सकाळी मीच फोन करेन.’ हे बोलायला धास्ती वाटते, मला कळतं. चुकलात तर पकडले जाल. पण गिऱ्हाईक ॲडव्हान्स त्याच वाक्यावर देतं.

या आठवड्याचं काम: तुम्ही रोज सर्वात जास्त वेळा बोलता ते एक वाक्य कागदावर लिहा. भावाचं असेल, डिलिव्हरीचं असेल, कामगाराला दिलेलं पगारवाढीचं असेल. खाली त्याचा हिशेब मांडा: किती, कधी, कोण. घरातली जी माणसं दुकानात राबतात, त्यांचे तासही धरा. बहुतेकांच्या वहीत तो रकाना रिकामा सापडतो. पुढच्या व्हिडिओत उधारी मागायच्या फोनवर बोलू, तेव्हा हा कागद जवळ ठेवा.