तोट्यातल्या कंपन्या आणि एक लॉट

जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा आयपीओ आला तेव्हा एका लॉटला १४,८२० रुपये लागत होते. ७६ रुपयांचे १९५ शेअर. त्याच वर्षी दिवाळी उरकते न उरकते तोच पेटीएम आली. तिचा लॉट सहाच शेअरचा, पण शेअर २,१५० रुपयांचा, म्हणजे १२,९०० रुपये. किमान अर्ज दहा ते पंधरा हजारांत बसावा हा सेबीचा नियम. त्यामुळे कंपनी केवढीही असो, किरकोळ गुंतवणूकदाराच्या खिशाला बसणारा चिमटा साधारण सारखाच.

दोन्ही कंपन्या तोट्यात होत्या आणि ते कुणी लपवलेलं नव्हतं. २०२०-२१ मध्ये झोमॅटोचा तोटा ८१६ कोटी, पेटीएमचा १,७०१ कोटी. पुढेही तोटा होत राहील, नफा कधी होईल हे सांगता येत नाही, असं दोघींनी छापून दिलं होतं. तरीही लोकांनी अर्ज केले. ते करताना त्यांनी नेमका कशाचा अभ्यास केला, आणि दुसरा कुठला केला असता तर हाती काय लागलं असतं, हा प्रश्न आता काही वर्षांनी निवांतपणे विचारता येतो.

अभ्यास झालाच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, दोन वर्षांत ती नऊ कोटींच्या घरात गेली. गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला. ठाण्या-डोंबिवलीत सबब्रोकरच्या ऑफिसातून छापील फॉर्म आणून, चेक जोडून अर्ज करणाऱ्यांची पुढची पिढी आता लोकलमध्ये उभ्या उभ्या यूपीआयचं मँडेट मंजूर करत होती. पैसे खात्यातच अडकवून ठेवायचे, शेअर मिळाले तर कापले जाणार, नाही तर मोकळे. एवढं सोपं झाल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या पॅनवर एकेक अर्ज जाणं ओघानंच आलं.

आधीच्या पिढीनं १९९९-२००० चा डॉटकॉमचा भर पाहिला होता, पण त्यांचा अनुभव इथे फारसा उपयोगी नव्हता. तेव्हा सत्यम इन्फोवेनं इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतली आणि वर्तमानपत्रांचे मथळे सजले. पण सत्यम इन्फोवे काय किंवा रेडिफ काय, दोन्ही नोंदल्या गेल्या अमेरिकेत, नॅसडॅकवर. खऱ्या इंटरनेट कंपन्यांचे शेअर इथल्या मास्तरांना, बँकेतल्या कारकुनांना घेताच येत नव्हते. त्यांच्या वाट्याला आल्या त्या नावापुढे ‘इन्फोटेक’ किंवा ‘डॉटकॉम’ चिकटवलेल्या कंपन्या आणि दलाल केतन पारेखनं फुगवलेले ‘के-टेन’ शेअर. मार्च २००१ मध्ये पारेख अटकेत गेला. पुढे नियम आला की नावात नवा धंदा घालायचा तर आधीच्या वर्षातलं निम्मं उत्पन्न तरी त्या धंद्यातून आलेलं हवं.

२०२१ मध्ये अभ्यासाचं मुख्य साधन होतं जीएमपी, म्हणजे ग्रे मार्केट प्रीमियम. नोंदणीआधी शेअर वर किती रुपयांनी विकला जातोय याचा हा आकडा. तो कुठल्याही एक्सचेंजवर नसतो, त्याला पावती नसते, सौदा तोंडी. याच बाजारात अख्खा अर्जही विकता येतो. त्याच्या भावाला कोस्टक म्हणतात. या आकड्यावर इतका विश्वास का, याचं उत्तर सरळ आहे: तो बऱ्याचदा बरोबर यायचा. पण तो सांगायचा ते लिस्टिंगच्या सकाळचं. कंपनीकडे पैसा कुठून आला, कुठे चाललाय, किती दिवस पुरेल, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

हे सांगणारा कागद दुसरा. रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस, बाजारात ज्याला नुसतं आरएचपी म्हणतात. शेकडो पानं, वकिली इंग्रजी, आणि सुरुवातीलाच धोक्यांची न संपणारी यादी. बहुतेकांचा धीर तिथेच सुटायचा. खरं तर तो सलग वाचायचा कागदच नाही. छोट्या माणसाला त्यातली मोजकी पानं पुरतात, आणि पेटीएमच्या बाबतीत ती पानं कमालीची बोलकी होती.

पहिलं पान, पैशाचं. १८,३०० कोटींचा इश्यू. तोवर देशात एवढा मोठा झालेला नव्हता. त्यातले ८,३०० कोटी कंपनीच्या तिजोरीत जाणार होते आणि १०,००० कोटी जुन्या भागधारकांच्या खिशात. अँट, अलीबाबा, सॉफ्टबँक आणि स्वतः संस्थापक विजय शेखर शर्मा विकणाऱ्यांत होते. जुन्यांनी विकावं यात पाप काही नाही. व्हेंचर कॅपिटलचा धंदाच तो. पण अर्ज करणाऱ्याच्या प्रत्येक शंभर रुपयांतले जवळपास पंचावन्न रुपये कंपनी वाढवण्यासाठी जात नव्हते, एवढं तरी लॉट घेताना माहीत असावं. झोमॅटोच्या ९,३७५ कोटींत विक्रीचा भाग फक्त ३७५ कोटींचा होता, तोही एकट्या इन्फो एजचा. तोटा दोघींचा असला तरी पैशाच्या वाटा अशा वेगळ्या होत्या.

दुसरं पान धंद्याचं. इथे थोडं थांबायला हवं. पेटीएमवरून होणाऱ्या व्यवहारांची एकूण रक्कम दोन वर्षांत सुमारे २.२९ लाख कोटींवरून ४.०३ लाख कोटींवर गेली होती. जाहिरातीत, मुलाखतीत हाच आकडा. त्याच दोन वर्षांत कंपनीचं उत्पन्न ३,२३२ कोटींवरून २,८०२ कोटींवर आलं. व्यवहार पावणेदोन पट आणि उत्पन्न कमी! असं कसं, तर जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला सरकारनं बंदी घातली होती. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्पीकर ‘पेटीएमवर पन्नास रुपये प्राप्त’ असं ओरडायचा तेव्हा त्या पन्नासांतलं कंपनीला शुल्क म्हणून काहीच मिळत नव्हतं. तोटा मात्र ४,२३० कोटींवरून १,७०१ कोटींवर आला होता, तो प्रामुख्यानं जाहिरात आणि कॅशबॅक आवरल्यामुळे. हे आकडे शेजारी शेजारी छापलेले होते. ते वाचायला सीए लागत नव्हता.

तिसरं पान बँकेचं. पेमेंट्स बँकेत कंपनीचा वाटा ४९ टक्के, शर्मांचा ५१. तिच्यावर रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये, इश्यूला तीन आठवडेही उरले नसताना, एक कोटीचा दंड लावला होता. रक्कम किरकोळ. कारण मात्र होतं नियामकाला दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नसल्याचं. माझ्या मते त्या सगळ्या हंगामातली सगळ्यात दुर्लक्षित बातमी ही.

आणि कागदाबाहेरचा एक आकडा, जो १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी कुणालाही फुकट बघता येत होता. इश्यू एकूण १.८९ पट भरला. संस्थांचा भाग २.७९ पट, किरकोळ गुंतवणूकदारांचा १.६६ पट. आणि एचएनआय, म्हणजे दोन लाखांवर अर्ज करणारे? त्यांचा भाग २४ टक्केच भरला. त्या काळात एचएनआय अर्ज बहुतेक कर्जाच्या पैशावर चालायचे. फायनान्स कंपनी आठवड्यासाठी कोट्यवधी रुपये द्यायची, व्याज आकारायची, आणि लिस्टिंगला चांगला भाव येणार असं वाटलं तरच हे गणित जमायचं. त्याच पंधरवड्यात आलेल्या नायकाच्या आयपीओत हा भाग ११२ पट भरला होता. व्याज भरून आत शिरणाऱ्यांनी पेटीएमकडे पाठ फिरवली, आणि पगारातून वाचवलेल्या पैशांवर अर्ज करणारे रांगेत उभे राहिले. बरं, भाग जेमतेम भरल्यामुळे लॉट मिळालाही बहुतेकांना. एरवी लॉट लागला की घरात पेढे वाटायची पाळी यायची.

१८ नोव्हेंबरला शेअर १,९५० ला उघडला आणि १,५६४ ला बंद झाला. सहा शेअरचे १२,९०० रुपये संध्याकाळपर्यंत ९,४०० च्या आत आले होते. पुढचा उतार पायऱ्यापायऱ्यांनी. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंट्स बँकेला नवे ग्राहक घ्यायला मनाई केली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं स्वतःचेच शेअर परत घ्यायचं ठरवलं, कमाल भाव ८१० रुपये. म्हणजे वर्षभरापूर्वी २,१५० ला विकलेली वस्तू. ३१ जानेवारी २०२४ ला पेमेंट्स बँकेवर ठेवी घेण्याची बंदी जाहीर झाली, लागोपाठ दोन दिवस वीस-वीस टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं आणि मे महिन्यात भाव ३१० पर्यंत गेला.

इथे गोष्ट संपली असती तर ‘कागद वाचा’ असं सांगून मोकळं होता आलं असतं. झोमॅटो तसं होऊ देत नाही.

झोमॅटोच्या कागदातही आशेला जागा होती ती एका लहानशा तक्त्यात. २०१९-२० मध्ये एका ऑर्डरमागे कंपनीला सुमारे तीस रुपये तोटा होत होता. पुढच्या वर्षी सुमारे वीस रुपये उरू लागले. पण कोविडच्या वर्षाचा आकडा किती धरायचा? मला स्वतःला तो तेव्हा संशयास्पदच वाटला असता. शेअर ११६ ला नोंदला गेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये १६९ ला पोचला. जुन्या भागधारकांवरची विक्रीबंदी २३ जुलै २०२२ ला उठणार, हे वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. ती उठली त्या आठवड्यात भाव ४१ च्या खाली. महिनाभर आधी कंपनीनं किराणा घरपोच देणारी, तोट्यातली ब्लिंकइट ४,४४७ कोटींच्या शेअरमध्ये घ्यायचं ठरवलं होतं, आणि शहाणीसुरती माणसं हसत होती. मीही त्यात धरायला हरकत नाही. तेव्हा १९५ शेअरचे आठ हजारही येत नव्हते. ब्लिंकइट पुढे कंपनीच्या वाढीचं इंजिन ठरेल हे कुठल्याच पानावर नव्हतं, कारण आरएचपी छापला तेव्हा तो सौदाच व्हायचा होता. एप्रिल ते जून २०२३ च्या तिमाहीत पहिला नफा दिसला, दोन कोटींचा. डिसेंबर २०२४ मध्ये भाव तीनशेला शिवला आणि २३ तारखेला शेअर सेन्सेक्समध्ये गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेटीएमचा तिकीटविक्रीचा धंदा २,०४८ कोटींना विकत घेतला तो झोमॅटोनंच.

पैशाचा माग काढता येत होता, उद्याचा काढता येत नव्हता, असं या दोघींकडे बघून म्हणावं लागतं. कोण विकतंय, किती, कुणाची बंदी कधी उठते, वाढ होतेय ती व्यवहारांत की उत्पन्नात, हे सगळं लॉट घेणाऱ्याला कळू शकत होतं. त्यावरून पेटीएमपासून लांब राहता आलं असतं. पण त्याच शिस्तीनं वागणारा माणूस झोमॅटोलाही ४१ रुपयांवर हात लावायला धजला नसता.

सेबीनं यातून काही धडे घेतले. नफ्याचा इतिहास नसलेल्या कंपनीत वीस टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्यांना आयपीओत निम्म्याहून अधिक विकता येणार नाही, असं झालं. ‘कुठली तरी कंपनी घेऊ’ असल्या मोघम कारणासाठी पैसा उभा करण्यावर टक्केवारीची मर्यादा आली. पेटीएमनं दोन हजार कोटी अशाच खात्यात दाखवले होते आणि झोमॅटोनं ६,७५० कोटी नुसत्या ‘वाढी’साठी. अँकरच्या, म्हणजे इश्यू उघडण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांच्या, निम्म्या शेअरवर ९० दिवसांची विक्रीबंदी आली. आधीच्या खासगी सौद्यांत कुणी काय भाव दिला तेही ठळक छापावं लागू लागलं. रिझर्व्ह बँकेनं आयपीओसाठीच्या कर्जावर एप्रिल २०२२ पासून माणशी एक कोटीची मर्यादा घातली.

या शेवटच्या नियमाचा परिणाम झोमॅटोची स्पर्धक असलेल्या स्विगीच्या वेळी दिसला. नोव्हेंबर २०२४, ११,३२७ कोटींचा इश्यू, त्यात ६,८२८ कोटी जुन्यांच्या विक्रीचे, भाव ३९०. एचएनआयचा भाग ४१ टक्केच भरला. पेटीएम आठवणाऱ्यांनी लगेच नाकं मुरडली. शेअर मात्र पहिल्याच दिवशी ४५६ ला बंद झाला. कर्जाचा पैसा आटल्यावर त्या रकान्याचा अर्थच बदलला होता, आणि २०२१ मध्ये पेटीएमबद्दल सावध करणारी खूण २०२४ मध्ये चुकीचं बोलत होती. विक्रीबंदीची तारीख तेवढी जुन्याच पद्धतीनं चालली: मे २०२५ मध्ये ती संपली तेव्हा स्विगी ३९० च्या बरीच खाली होती.