एका तहाच्या दोन भाषा

शाळेच्या इतिहासात अमेरिका बहुधा दोनदाच भेटते. एकदा १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आणि मग एकदम महायुद्धांत. मधल्या काळात हा देश समुद्रापार काय करत होता, हे मुलांना कळत नाही. त्या काळाचे एक पान मुस्लिमांशी निगडित आहे, आणि आमच्या मते ते प्रत्येक घरात वाचले जावे.

फिलिपाइन्सच्या दक्षिणेला सुलू आणि मिंदानाओ ही बेटे आहेत. सिमुनुल बेटावरची शेख करीमुल मखदूम यांची मशीद १३८० ची मानली जाते. पुढे पंधराव्या शतकात सुलूची सल्तनत उभी राहिली. स्पॅनिश लोक आले ते अंदलूसची आठवण मनात घेऊन. तिथल्या मुस्लिमांना ते ‘मूर’ म्हणत, म्हणून इथल्यांनाही त्यांनी ‘मोरो’ म्हटले. तीनशेहून अधिक वर्षे लढूनही सुलूवर त्यांची पकड पक्की बसली नाही. तरीही १८९८ मध्ये अमेरिकेकडून हरल्यावर स्पेनने पॅरिसच्या तहात २ कोटी डॉलर घेऊन सारे फिलिपाइन्स अमेरिकेच्या हवाली केले, आणि त्यात सुलूही गेले. सुलतानाला कोणी विचारले नाही.

उत्तरेकडे आगिनाल्दोच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो लोक अमेरिकेशी लढू लागले. दक्षिणेतही आघाडी उघडली असती तर अमेरिकेला जड गेले असते. म्हणून तिच्या राजदूताने, ऑस्कर स्ट्रॉस यांनी, इस्तंबूलला खलिफा सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांची भेट घेतली. त्यांना त्रिपोलीशी झालेला १७९६ चा जुना तह दाखवला. अमेरिकेचे मुस्लिमांच्या धर्माशी वैर नाही, असे त्यात लिहिलेले होते. सुलूचे काही सरदार तेव्हा मक्केत होते. खलिफांनी त्यांना अमेरिकेशी लढू नका असा निरोप पाठवला, असे स्ट्रॉस यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. सुलू शांत राहिले.

२० ऑगस्ट १८९९ रोजी जनरल बेट्स आणि सुलतान जमालुल किराम दुसरे यांच्यात तह झाला. धर्मात ढवळाढवळ होणार नाही, सुलतानाचा मानमरातब राखला जाईल, त्याच्या संमतीशिवाय बेटे कोणाला विकली जाणार नाहीत, अशी कलमे होती. सुलतानाला दरमहा २५० मेक्सिकन डॉलर ठरले. पण तह दोन भाषांत होता. इंग्रजी प्रतीत सुलूवर अमेरिकेचे सार्वभौमत्व मान्य केलेले होते. अरबी लिपीतल्या ताउसुग प्रतीत त्या अर्थाचा शब्दच नव्हता. सुलतान समजला की पाठीराखा मिळाला, अमेरिका समजली की प्रजा मिळाली. स्पेनबरोबरच्या १८७८ च्या तहातही नेमके हेच घडले होते.

आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे एका शब्दाने किती फरक पडतो ते रोज पाहतो. मुलाच्या निबंधात तो लाल शाईने दुरुस्त होतो. सूरह बकरातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे ती बजावते. बेट्सच्या तहात लिहिणारा आणि फायदा घेणारा एकच होता.

तेवढ्यावर थांबले नाही. १९०२ मध्ये अमेरिकेत ‘द सुलतान ऑफ सुलू’ नावाचे विनोदी संगीत नाटक रंगले. तहाचा दुसरा पक्ष थट्टेचा विषय झाला होता. उत्तरेतले युद्ध आटोपताच तहाची गरज संपली. १९०३ मध्ये मोरो प्रांत केला, लेनर्ड वुड गव्हर्नर झाले, डोईपट्टी बसली आणि १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट सरकारने तह एकतर्फी मोडला. सुलूत गुलामगिरी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेने ते कारणही पुढे केले. पण १८९९ मध्ये ती तिथे होतीच, आणि तेव्हा तहाच्या आड आली नव्हती.

कर आणि नवा अंमल न मानणारी शेकडो ताउसुग कुटुंबे बुद दाजो या ज्वालामुखीच्या विवरात जाऊन राहिली. बुद म्हणजे डोंगर. मार्च १९०६ मध्ये फौजेने तोफा वर चढवल्या. बायकामुलांसह सुमारे आठशे ते हजार माणसे मेली. वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. प्रेतांच्या ढिगाशी उभ्या सैनिकांचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. रूझवेल्टनी वुड यांचे तारेने अभिनंदन केले. मार्क ट्वेनने यावर जळजळीत लिहिले, पण ते त्याच्या मृत्यूनंतरच छापले गेले.

१९१३ मध्ये बुद बागसाकवर पुन्हा शेकडो मेले. तिथले सेनानी जॉन पर्शिंग. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकन फौजेचे नेतृत्व करणारे पर्शिंग ते हेच. पाठ्यपुस्तकातला सेनापती कुठून आला, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

१९१५ मध्ये सुलतानाने राज्याधिकार सोडला, फक्त धर्मप्रमुखपद राहिले. फिलिपाइन्सला स्वातंत्र्य द्यायचे ठरल्यावर मार्च १९३५ मध्ये दान्सालन, म्हणजे आजच्या मरावी, इथल्या शंभराहून अधिक मोरो सरदारांनी दुसऱ्या रूझवेल्टना, फ्रँकलिन यांना, पत्र लिहिले: आम्हाला त्या नव्या राष्ट्रात घालू नका. ते मान्य झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी उतरले, तेव्हा याच भागातले मोरो जंगलांत राहून त्यांच्याशी लढले, कित्येक जण अमेरिकेच्या बाजूने. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपाइन्स स्वतंत्र झाले, सुलू आणि मिंदानाओसकट. पत्रावर सह्या करणाऱ्यांना यावेळीही कोणी विचारले नाही.