खताच्या तक्त्यातील सूत्रांचे रक्षण

खताची मात्रा काढण्यास संगणकावरील एक्सेलचा तक्ता सोयीचा असतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून नत्राच्या आकड्यास १०० ने गुणून ४६ ने भागावे, असे सूत्र तक्त्याच्या एका घरात, म्हणजे सेलमध्ये, घातले की हेक्टरी १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागेल, हे उत्तर आपोआप मिळते. परंतु त्या घरात कोणी चुकून २१७ हा आकडाच लिहिला, तर सूत्र पुसले जाते. पुढे ५० किलो नत्राची शिफारस भरली तरी तक्ता २१७ च दाखवितो. वास्तविक १०९ किलो पुरे असतात. चूक सहसा ध्यानात येत नाही आणि शेतात दुप्पट खत पडते.

यास्तव सूत्रांची घरे बंद ठेवावीत. एक्सेलमध्ये सर्व घरे मुळातच ‘लॉक्ड’ असतात; मात्र तक्ता संरक्षित केल्याखेरीज त्याचा अंमल होत नाही. म्हणून आकडे भरावयाची घरे प्रथम निवडावीत व ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘प्रोटेक्शन’ या भागात ‘लॉक्ड’पुढील खूण काढावी. त्यानंतरच ‘रिव्ह्यू’मधून ‘प्रोटेक्ट शीट’ ही आज्ञा द्यावी.

पासवर्ड ऐच्छिक आहे; घातल्यास तो नोंदवहीत टिपून ठेवावा. हे कुलूप चुकीपासून राखते, लबाडीपासून नव्हे. शेवटी सूत्राच्या घरात आकडा लिहून पाहावा. तक्त्याने तो नाकारला, म्हणजे बंदोबस्त पुरा झाला.